दिवटीची नोंद

राजारामपुरी, सातवी गल्ली,
कोल्हापूर
९ जून २०२५

आकारामतात्या,
नमस्कार.

मी पूर्णिमा सरनाईक. अक्षरावरून ओळखलं असेलच. बाईंचं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग, असं तुम्ही म्हणायचात. आता मुंगळे जरा वाकडे चालतात, एवढाच फरक.

कामासाठी लिहिते आहे. उदयसिंह आठवतो ना? माझा विद्यार्थी. उखळवाडीला तुमच्या घरी राहून संशोधन करत होता आणि पावसात आजारी पडला, तेव्हा बयाबाईंनी त्याला आठ दिवस पेज पाजली होती. तो आता विद्यापीठात विभागप्रमुख आहे. माझ्या सगळ्या लेखनाचं एक पुस्तक काढायचं त्याने मनावर घेतलंय. शोधनिबंध सोपे करून मराठीत, शिवाय वर्तमानपत्रांतले लेख, भाषणं, असं सगळं. नोव्हेंबरात प्रकाशन. मी नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

त्यात दिवटीवरचे पाच लेख आहेत. नव्या वाचकासाठी मी सुरुवातीला अशी ओळख लिहिली आहे, ती वाचून सांगा बरोबर आहे का:

‘दिवटी ही वीतभर उंचीची वनस्पती. पावसाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, पातळ मातीत उगवते. श्रावणात तिला कंदिलाच्या आकाराची फुलं येतात. दिवाळीपर्यंत जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. उरतो तो खडकाच्या भेगेतला सुपारीएवढा कंद. जगात ती फक्त शाहूवाडी तालुक्यातल्या उखळवाडीच्या सड्यावर नोंदली गेली आहे. अतिशय दुर्मिळ.’

दुसरं असं, की १९९५ सालची माझी वही वाळवीनं खाल्ली. त्या वर्षी आपण पहिल्यांदा पूर्ण गणती केली होती. झाडं २१२ होती की २२१? तुमच्या लक्षात असणार.

त्या प्रकारानंतर आपलं बोलणं राहून गेलं. मी त्या दिवसांत परगावी होते, मला सगळं फार उशिरा कळलं. मग निवृत्ती, गुडघ्याचं ऑपरेशन, यात वर्षं गेली.

बयाबाईंना नमस्कार सांगा. उत्तरासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत ठेवलंय.

आपली,
पूर्णिमा सरनाईक


३० जून २०२५

आकारामतात्या,

पोचपावती आली. त्यावर तुमची सही आहे, ‘आ. बं. खोत’, खाली दोन रेघा. म्हणजे पत्र तुमच्या हातात पडलं. पाकीट मात्र रिकामंही परत आलं नाही.

परवा फोन लावला. तुम्ही ‘कोन?’ म्हणालात, मी नाव सांगितलं आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते. तुमच्या अंगणात, तुळशीजवळ, रेंज जात नाही हे मला माहीत आहे.

तर आधी एक दुरुस्ती. मी परगावी नव्हते. सप्टेंबर २०१३ मध्ये मी कोल्हापुरातच होते, याच घरात.

पुस्तकासाठी जुने लेख वाचते आहे. त्यात २०१२ सालचा रविवारच्या पुरवणीतला लेख आला आणि मी तिथेच थांबले. तुम्हाला त्या लेखाची गोष्ट माहीत आहे, पण मी ती तुम्हाला माझ्या तोंडून कधी सांगितली नाही.

त्या वर्षी सड्यावर बॉक्साइटची खाण येणार अशी हवा होती. सुनावणी लागली होती. चार लोकांना कळलं तर सडा वाचेल म्हणून पेपरात लिहायचं मी ठरवलं. तुमच्या पडवीत बसून मी ते तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही शेरडांसाठी पाला तोडत होतात. तुम्ही म्हणालात, “बाई, फुलाचं लिवा, सड्याचं लिवा. ठिकान तेवढं लिवू नगा.”

मी म्हटलं, “तात्या, शास्त्रात ठिकाण लिहावं लागतं.”

“शास्त्रात लिवा की. तितं कोन वाचतंय? पेपरात नगं.”

मी हसले आणि शब्द दिला.

पुरवणीच्या संपादकांचा फोन आला की लेख जरा मोघम वाटतोय, वाचक त्या जागी उभा राहिला पाहिजे. मी बसल्या जागी एक ओळ वाढवली: ‘वाघजाईच्या देवळामागून पूर्वेच्या कड्याकडे शंभर पावलं चाललं, की पायाखाली दिवटी सुरू होते.’ सोबत फोटो दिला. त्यात फूल होतं, मागे कडा होता आणि देवळाचा कळसही होता.

ती ओळ चांगली होती, तात्या. लोकांनी फोन करून तीच ओळ मला वाचून दाखवली. खाणीचा प्रस्ताव बारगळला, त्यात त्या लेखाचा थोडा हात होता असं सगळे म्हणतात. मीही बारा वर्षं तेच म्हणत आले.

पुढच्या श्रावणात आपण दोघं वर गेलो. देवळामागे तुम्ही माझ्यापुढे होतात आणि एकदम थांबलात. भेगाभेगांतून माती उकरलेली. कुठे पानं पडलेली, कुठे देठ. मी मोजायला वही काढली, आणि मोजायला काही नव्हतं. तुम्ही खाली बसून एका खळग्यात बोट घातलंत. “हे खुरप्याचं काम न्हाय बाई,” तुम्ही म्हणालात. “ह्ये बगा, भोक कसं सरळ गेलंय. पेचकसानं काढलीत. गावातला मानूस दगड उचकटंल, असं नाजूक काढनार न्हाय.”

अशा कंदांचे शौकीन जगभर आहेत. कुंडीत लावून मित्रांना दाखवतात. त्यांच्यासाठी कुणीतरी माझा लेख हातात धरून शंभर पावलं चाललं होतं.

उतरताना तुम्ही मला एकदाही टाकून बोलला नाहीत. ते मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पूर्णिमा सरनाईक


१८ जुलै २०२५

आकारामतात्या,

दुसऱ्या पत्राचीही पोचपावती आली. उत्तर नाही. भाताची रोपलावण चालू असेल, तुमच्याकडे आत्ता कुणाला मान वर करायला वेळ नसतो, हेही कारण असू शकतं. पण मी आता कारणं शोधायची थांबवते.

गेल्या पत्रात मी सड्यावरून उतरले आणि थांबले. त्यानंतरचं लिहायला तीन आठवडे लागले.

उकरलेल्या कंदांची वनखात्याकडून चौकशी लागली. नवे साहेब आले होते, लांबच्या जिल्ह्यातले. त्यांनी मला जबाबासाठी बोलावलं. मी पिशवीत लेखाचं कात्रण घेऊन गेले होते. साहेबांना आपलं काम कळावं म्हणून, खरंच एवढ्याचसाठी. त्यांनी चहा मागवला, सड्याबद्दल विचारलं. मग विचारलं, “मॅडम, नेमकी जागा आणखी कुणाकुणाला माहीत होती?”

त्यांनी लेख वाचला नव्हता. मला ते त्या प्रश्नावरून कळलं.

कात्रण पिशवीत होतं. ते टेबलावर ठेवलं असतं, तर पुढचा प्रश्न मला आला असता. त्या महिन्यात एका मोठ्या संस्थेच्या पुरस्कारासाठी माझं नाव गेलं होतं. आयुष्यभराच्या कामासाठीचा पुरस्कार. हे मी तेव्हा मनात स्पष्ट बोलले नाही. पण हात पिशवीकडे गेला नाही.

मी लिहून दिलं: ‘माझ्याखेरीज नेमकं ठिकाण फक्त श्री. आकाराम खोत यांना माहीत होतं.’ खाली सही केली.

पेचकसाचंही मी सांगितलं नाही. तुम्ही दाखवलेली सरळ भोकं मी पाहिली होती, तुमच्या घरात पेचकस नाही हे मला माहीत होतं, आणि या गोष्टी मला कुणी विचारल्या नाहीत म्हणून मी सांगितल्या नाहीत. शास्त्रज्ञाला हे शोभत नाही. माझ्या विद्यार्थ्याने अशी नोंद दडवली असती, तर मी त्याचा प्रबंध परत पाठवला असता.

तुम्हाला तीन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. घराची झडती घेतली. काही सापडलं नाही, गुन्हाही दाखल झाला नाही, पण वनखात्याने दिलेलं सड्यावरच्या पहाऱ्याचं काम गेलं. एकोणीस वर्षांचं काम. पुढे त्या कचेरीतल्या एका कारकुनाची कोल्हापुरात गाठ पडली. त्याने सहज सांगितलं, की तुम्ही तिन्ही दिवस एकच वाक्य बोलत होतात: “बाईंना इचारा की. बाईंना सगळं म्हाईत हाय.”

ते वाक्य मला दहा वर्षांपूर्वी कळलं, आणि तरी मी पत्र लिहिलं नाही. गावात तुम्हाला ‘कंदचोर’ म्हणतात, हेही मला कळलं होतं.

गेल्या आठवड्यात उदयसिंहाला मी सगळं सांगितलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “मॅडम, त्या लेखानं सडा वाचला. जबाबाचं आता कुणाला आठवतही नाही. पुस्तकाला गालबोट कशाला?”

मी म्हटलं, “आकारामतात्यांना आठवतं.”

“ते वाचणार आहेत का पुस्तक?”

हा उदयसिंह चांगला मुलगा आहे, तात्या. तुमच्या घरची पेज प्यायलेला. तो असं बोलला याचं मला नवल वाटलं नाही. मीच त्याला शिकवलंय. माझ्या एक्केचाळीस निबंधांत तुमचं नाव तीन ठिकाणी, आभाराच्या शेवटच्या ओळीत आहे, आणि त्यातल्या एका ठिकाणी ते ‘आत्माराम’ असं छापलंय.

परवा मी जुन्या जबाबात चुकीची माहिती दिल्याचं कचेरीला लेखी कळवलं. सोबत त्या लेखाचं कात्रण जोडलंय. त्याची प्रत या पाकिटात आहे. त्यांनी पोच दिली, बाकी काही बोलले नाहीत.

मला माफ करा असं मी लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

पूर्णिमा सरनाईक


(पोस्टकार्ड)

मु. पो. उखळवाडी, ता. शाहूवाडी
१ आगष्ट २०२५

बाईस नमस्कार.
तिन्ही पत्रं मिळाली. वाचली. हे मला लिवून काय उपेग? मला म्हाईतच हाय मी काय केलं न्हाय ते. गावाला सांगा. १५ तारखेला झेंडावंदन झालं की ग्रामसभा हाय.
आ. बं. खोत


१७ ऑगस्ट २०२५

आकारामतात्या,

तुम्ही ग्रामसभेला आला नाहीत, म्हणून काय झालं ते लिहून पाठवते. बयाबाईंनी सांगितलं असेलच, पण माझ्याकडूनही तुमच्याकडे ते असावं.

मलकापूरपर्यंत एस.टी., तिथून जीप. शाळेच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. सरपंच वर्षाराणी माझ्या ओळखीची निघाली. सड्यावर शाळेची सहल आली होती तेव्हा ती चौथीत होती. मी तिला भिंगातून फूल दाखवलं होतं, असं तीच म्हणाली. आधी नळयोजना झाली, मग स्मशानशेडचा पत्रा. सगळ्यात शेवटी तिने मला उभं केलं.

मी चाळीस वर्षं भाषणं केलीत. दिल्लीला केलीत, परदेशात केलीत. या वेळी लिहून नेलेला कागद पिशवीतच ठेवला. तोंडानेच सांगितलं. ठिकाण मी छापलं. जबाबात खोटं लिहून दिलं आणि खरं दडवलं. आकाराम खोत यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग कृष्णात उठला, तुमच्या शेजारचा.

“ते समदं बरं हाय,” तो म्हणाला. “पर बारा वर्सांनी आठवन झाली व्हय बाई?”

“आठवण रोज होती. धीर नव्हता.”

“आन आता कुठनं आला धीर? पुस्तक निघतंय म्हनं तुमचं.”

हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. मी म्हटलं, “हो. पुस्तकासाठी जुनं वाचायला बसले, म्हणून पळता आलं नाही. एरवी पळाले असते.”

तो उभाच राहिला. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. “कंदचोर म्हनून पयल्यांदा मीच हाक मारलीती,” तो म्हणाला. “चावडीवर. समदी हसली. मग समदीच म्हनाय लागली. त्या पापाचं काय करायचं?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हा बयाबाई बोलल्या. बायकांच्या रांगेत, भिंतीला टेकून बसल्या होत्या, मला तोवर दिसल्याच नव्हत्या.

“हसाय काय झालं?” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीला बघाय आलेलं पावणं चहा न पिता उठून गेलं तवा बी कोनतरी असंच हसलंतं.” मग सरपंचांकडे वळल्या. “वर्षा, ह्ये समदं लिवून घे. नुसतं म्हननं नगं. त्यांनी लिवून घालवलंया, आता लिवूनच भरून द्याय पायजे.”

वर्षाराणीने सांगितलं आणि ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. ते मोठ्याने वाचलं गेलं. मी सही केली. कृष्णातनेही केली, न सांगता.

पुढे मी बयाबाईंजवळ गेले. तुम्ही कुठे आहात विचारलं. “रानात हायती,” त्या म्हणाल्या. “म्हनलं चला, तर म्हनले माझ्या म्होरं सांगताना बाईंना सोपं जाईल, मी नसताना गावाला सांगू दे.” तुमचं हे वाक्य मी जीपमध्ये बसेपर्यंत मनात फिरवत होते.

त्यांनी घरी चला म्हटलं नाही. वाटेच्या वळणापर्यंत मात्र चालत आल्या. मुलीचं मग मिरजेला झालं, दोन नातवंडं आहेत, एवढं सांगितलं. पुस्तकाची कच्ची छपाई मी त्यांच्याकडे दिली आहे. प्रस्तावना नवी आहे, जबाबाची सगळी हकिकत तीत आहे. उदयसिंह दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवल्या, म्हणजे त्याने मान्य केलं.

“वाचतील का?” मी बयाबाईंना विचारलं.

“चष्म्याची काडी मोडलीया,” त्या म्हणाल्या. “दोरा बांधून वाचतील. सावकाश.”

पूर्णिमा सरनाईक


मु. पो. उखळवाडी
२१ सप्टेंबर २०२५

बाईस आकाराम खोताचा नमस्कार.

तुमचं पुस्तक वाचून झालं. एक म्हयना लागला. इंग्रजी नावं सोडली, बाकी समदं वाचलं. चुका हायत्या त्या खाली लिवतो.

पान १२. गनतीचा आकडा २२१ न्हाय, २१२ बरुबर. मी पिशवीत खडं टाकत हुतो आन तुमी वहीत लिवत हुता. तुमचं २२१ भरलं हुतं. परत मोजलं तवा माझं खरं निघालं.

पान ३४. हितं लिवलंय की सड्यावर शेरडं चराय पायजेत, न्हायतर गवात उंच हुतंय आन दिवटी गुदमरती, ह्यो शोध तुमी कुंपन घालून तीन वर्सांनी लावला. कुंपन घालायच्या आदीच मी तुमास्नी ते सांगिटलंतं. तुमी म्हनला पुरावा पायजे. पुरावा बघिटला ते बरंच झालं. पर आदी सांगिटलं हुतं ते लिवा.

पान ९१. ‘एका स्थानिक मदतनीसाने दाखवले.’ मला नाव हाय.

पान १०३. तुमी लिवलंय की पराग न्हेनारी माशी फुलात सकाळी शिरती आन दुसऱ्या सकाळी भायेर पडती. न्हाय. माशी सांजला शिरती. शेरडं परत फिरवायच्या टायमाला मी कितीदा बघिटलंय. दुरुस्त करा.

परस्तावना वाचली. त्यात चूक न्हाय. तुमास्नी एक सांगतो, तुमचा जबाब मला त्या साहेबानं पयल्याच दिवशी वाचून दाखवलाता. म्हंजे मला बारा वर्सं म्हाईत हुतं. बया म्हनायची, जाऊन तोंडावर इचारा. मी म्हनलं न्हाय, बाई खरं लिवनारं मानूस हाय, कवातरी लिवतील. लई उशीर केला.

आता मोठी चूक. पान ११. ‘अतिशय दुर्मिळ.’ ते खोडा.

खनून नेल्यावर म्होरल्या वर्साला मी सड्याव गेलतो. कामावं न्हवतो, तसाच गेलतो. कड्याच्या खालच्या अंगाला, निवडुंगाच्या बुडात तीन झाडं गावली. चोरांस्नी दिसली नसतील. २०१५ ला दोन. २०१६ ला एक. दर श्रावणात जायचो. शेरडं खातील म्हनून भवतीनं दगूड लावलं, मग गवात वाढाय लागलं म्हनून इळ्यानं हातानं कापायचो. १९ आगष्ट २०१७ ला तेला दोन फुलं आली. म्हयन्यानं गेलतो, शेंग धरली न्हवती. एकटं झाड, शेंग कुठनं धरनार. २०१८ ला उगवलंच न्हाय. त्यानंतर दर साल बघतोय, न्हाय.

कुनाला सांगिटलं न्हाय. सांगिटलं असतं तर लोक म्हनले असते, बघा, कंदचोराला बरुबर म्हाईत हाय कुठं हाय ते. तुमास्नी कळवावं असं त्या फुलांच्या साली दोनदा मनात आलं. कार्ड बी आनलंतं. न्हाय लिवलं. त्येचं मला वाईट वाटतंय. तुमच्यावर राग हुता तो फुलावर काढाय नको हुता.

ग्रामसभा झाल्यावर आठ दिसांनी परत वर गेलतो. कृष्णात बरुबर आला, म्हनला चल मी बी हुडकतो. दिसभर दोघांनी भेगा न् भेगा बघिटल्या. कृष्णाताला चार डाव दुसरंच झाड बघून दिवटीचा भास झाला. एक बी न्हाय.

म्हनून ‘दुर्मिळ’ खोडा आन ‘गेली’ असं लिवा. शेवटची मी बघितली, ते बी लिवा, तारखेसकट.

भात कापनी दिवाळीच्या मागंम्होरं हाय. त्यानंतर आलासा तर बया हाय, मी हाय. गुडघ्याचं बघून या.

आ. बं. खोत


५ ऑक्टोबर २०२५
कोल्हापूर

आकारामतात्या,

तुमचं पत्र उदयसिंहाला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, असं परीक्षण आपल्या विभागात कुणी करत नाही.” मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

पान १२ दुरुस्त केलं. पान ३४ वर तुम्ही सांगितलं ते तुमच्या नावाने घातलं. आता तिथे असं आहे, की आकाराम खोत यांनी हे निरीक्षण आधी सांगितलं होतं आणि कुंपणाच्या प्रयोगानं ते फक्त सिद्ध झालं. पान ९१ वर तुमचं नाव आहे. मुखपृष्ठावरही आहे. ते मी तुम्हाला न विचारता केलंय. नको असेल तर आठवड्यात कळवा, छपाई थांबवली आहे.

२०१७ साली तुमचं कार्ड आलं असतं, तर त्या एका झाडाचं काही करता आलं असतं का, हा प्रश्न मी तुमचं पत्र आल्यापासून स्वतःला विचारते आहे. दोन फुलं होती. मी ब्रश घेऊन आले असते, एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावून पाहिले असते. बहुतेक शेंग धरली नसती, ही जात स्वतःच्या परागावर धरत नाही असं मानतात. ‘बहुतेक’ म्हणते, कारण कुणी करून पाहिलेलं नाही. पण तात्या, ते कार्ड न लिहिण्याचं तुम्ही स्वतःकडे घेऊ नका. ज्या माणसाला मी त्याच्याच माहितीसाठी चोर ठरवलं, त्याने ती माहिती कुणाला का द्यावी? ते माझ्याकडेच राहू द्या.

पान ११ चा मजकूर आता असा आहे. वाचून पाहा.

‘दिवटी. उखळवाडीचा सडा, शाहूवाडी तालुका. याखेरीज जगात कुठेही नोंद नाही. १९९५ मध्ये २१२ झाडं. ऑगस्ट २०१३ मध्ये कंद खणून नेल्याचं आढळलं. त्याआधी प्रस्तुत लेखिकेने नेमकं ठिकाण वर्तमानपत्रात छापलं होतं. शेवटची नोंद: आकाराम बंडू खोत, १९ ऑगस्ट २०१७, एक झाड, दोन फुलं, शेंग नाही. त्यानंतर आठ पावसाळे शोध घेऊनही आढळली नाही. गेली.’

उदयसिंह म्हणाला, ‘गेली’ हा शास्त्रीय शब्द नाही, ‘नामशेष’ लिहू. मी म्हटलं, ज्याने शेवटची पाहिली त्याचा शब्द राहील.

आता पान १०३. ही दुरुस्ती मात्र मी मान्य करत नाही. माशी सकाळीच शिरते. १९९८ च्या श्रावणात मी चौदा फुलांवर जाळीच्या टोप्या घालून, पहाटेपासून त्या पाळीपाळीने उघडून, दर तासाला पाहून टिपणं केली आहेत. ती वही शाबूत आहे. तुम्ही म्हणता संध्याकाळी, शेरडं वळवताना, कितीतरी वर्षं पाहिलंय. आणि मी तुम्हाला आजवर नजरेत चुकलेलं पाहिलेलं नाही. कदाचित माझ्या जाळीमुळे माशीची वेळ बदलली असेल. कदाचित कड्याच्या बाजूची फुलं वेगळी वागत असतील. दोघांचंही खरं असू शकतं. एका श्रावणात, दोन दिवस वर बसलो असतो, तर कळलं असतं.

त्या पानावर दोन्ही छापते आहे. तुमचं तुमच्या नावाने, माझं माझ्या. खाली एक ओळ घातली आहे, की यातलं कोणतं बरोबर, हे आता पाहता येणार नाही.

कापणी झाली की येते.

पूर्णिमा